एक्स-१५ मोठ्या स्केलमध्ये करायचंय? मग आधी तारीख ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बरीच वर्षं १/७२ आणि १/४८ ची किटं करून झालीयेत, आता एक्स-१५ ह्या रॉकेट विमानाचं चांगलं मीटरभर लांबीचं डिटेल्ड मॉडेल स्क्रॅचपासून, म्हणजे किट न घेता सगळे भाग स्वतः बनवून, करायचंय, तर स्केल कुठलं घ्यावं, गोल बॉडी कशी काढावी, तो काळपट धातूचा रंग कसा आणावा आणि डिटेल कुठपर्यंत करावं. मी मोठी मॉडेल्सच करतो आणि रॉकेट विमानं हा माझा सगळ्यात आवडता विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

स्केल, मटेरियल, रंग हे सगळं नंतर. आधी तुम्हाला एक तारीख ठरवावी लागेल. नुसतं "एक्स-१५ करतोय" म्हणून चालत नाही, कारण "एक्स-१५" असं एक ठरलेलं विमान कधी नव्हतंच. नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनने तीन विमानं बांधली, ८ जून १९५९ ते २४ ऑक्टोबर १९६८ ह्या काळात तिघांची मिळून १९९ उड्डाणं झाली, आणि दोन उड्डाणांच्या मधे विमान हँगरमध्ये गेलं की काहीतरी काढलं जायचं, काहीतरी नवीन लावलं जायचं, एखादं पॅनेल बदललं जायचं, नाकावर वेगळं उपकरण यायचं. फायटर विमानाचं कसं असतं, एका ब्लॉकची, म्हणजे एका खेपेची, शंभर विमानं जवळपास सारखी, तिथे थोडंफार इकडेतिकडे झालं तरी खपतं. इथे दोन वेगळ्या वर्षांचे फोटो समोर ठेवून काम केलंत तर असं विमान तयार होईल जे एकही दिवस अस्तित्वात नव्हतं. छोट्या मॉडेलवर ते दिसत नाही. मीटरभर मॉडेलवर माहितगार माणसाची नजर पहिली तिथेच जाते.

उदाहरणं देतो म्हणजे कळेल. पहिलं उड्डाण, ८ जून १९५९, पायलट स्कॉट क्रॉसफील्ड, इंजिन न चालवता नुसता ग्लाइड. नाकावर लांब बूम, त्यावर हवेचा कोन मोजणारी पाती. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला पहिलं इंजिनवालं उड्डाण, तेही क्रॉसफील्डचंच, पण दुसऱ्या विमानातून. तेव्हा मोठं इंजिन तयार नव्हतं म्हणून मागे दोन एक्सएलआर-११ इंजिनं एकावर एक बसवली होती, प्रत्येकाला चार चेंबर, म्हणजे मागून बघितलं तर आठ तोंडं दिसतात. मग १५ नोव्हेंबर १९६० ला एक्सएलआर-९९ घेऊन पहिलं उड्डाण झालं आणि आठ तोंडांच्या जागी एकच भलंमोठं नॉझल आलं, ५७,००० पाउंड जोराचं. बूम जाऊन त्या जागी बॉल नोज आलं, म्हणजे नाकाच्या टोकाला फिरणारा गोळा. आता ह्या गोष्टी तिन्ही विमानांवर एकदम एकाच दिवशी झालेल्या नाहीत, त्यामुळे "जुनं इंजिन असेल तर बूम असणारच" असं गृहीत धरू नका, त्या दिवसाचा फोटो बघा आणि मगच ठरवा.

दुसरं विमान तर अख्खं बदललं. ९ नोव्हेंबर १९६२ ला जॅक मॅके मड लेकवर इमर्जन्सी लँडिंग करत होते, त्यात लँडिंग गिअर मोडला, विमान उलटलं, ते जखमी झाले. ते विमान फेकून न देता परत बांधलं, मधल्या भागात सुमारे ७३ सेंटीमीटर लांबी वाढवली, बाहेर लावायच्या दोन मोठ्या टाक्यांची सोय केली, समोरच्या काचा लंबगोल केल्या, आणि त्याचं नाव झालं एक्स-१५ए-२. १/१२ ला तेवढ्यानेच मॉडेल ६ सेंटीमीटरने लांब होतं. म्हणजे ६६६७१ हा ह्या दुसऱ्या विमानाचा नंबर टाकायचा असेल तर १९६२ च्या आधीचं की १९६४ च्या नंतरचं, हे बॉडी कापायच्या आधी ठरलेलं पाहिजे.

आणि मग ३ ऑक्टोबर १९६७. पीट नाइट, मॅक ६.७ म्हणजे ध्वनीच्या ६.७ पट वेग, ताशी सुमारे ७,२७४ किलोमीटर. त्या दिवशी हे विमान काळं नव्हतंच, पांढरं होतं. उष्णता झेलायला त्याच्यावर एमए-२५एस नावाचं गुलाबी अॅब्लेटिव्ह, म्हणजे स्वतः जळत जाऊन खालचा धातू वाचवणारं, कोटिंग फवारलेलं होतं, पण त्याचा द्रव ऑक्सिजनशी संपर्क आला आणि ठोका बसला तर धोका, म्हणून वरून पांढरा सील करणारा थर. कोटिंग जळून त्याचा मळ काचेवर बसणार हे माहीत होतं म्हणून डाव्या काचेवर पापणीसारखं झाकण, उड्डाणात बंद, लँडिंगच्या वेळी उघडायचं. खाली पोटाखालच्या फिनला खोटं रॅमजेट इंजिन लटकवलेलं, आणि त्याच्या शॉकवेव्हने फिनला भोकं पाडली, रॅमजेट गळून पडलं. म्हणजे एकाच दिवसात दोन मॉडेल्स आहेत, सकाळचं स्वच्छ पांढरं आणि दुपारचं जळकं, डागाळलेलं. मला विचाराल तर दुपारचं करण्यात खरी मजा आहे, पण पहिलंच मोठं मॉडेल असेल तर तो नाद करू नका. जळालेल्या कोटिंगचा पोत पटणारा करणं फार कठीण आहे, आणि तिथे चुकलं तर आधीची सगळी मेहनत झाकली जाते.

आता स्केल. माझं स्पष्ट मत, १/१२. विमान १५.४७ मीटर लांब, पंख टोकापासून टोकापर्यंत ६.८ मीटर, म्हणजे मॉडेल साधारण १२९ सेंटीमीटर लांब आणि ५७ सेंटीमीटर रुंद. घरात ठेवता येतं, गाडीच्या मागच्या सीटवरून तिरकं नेता येतं. आणि मोठा फायदा म्हणजे ह्या विमानाची सगळी मूळ मापं फूट-इंचात आहेत, १/१२ ला एक फूट म्हणजे सरळ एक इंच, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. १/१० केलंत तर दीड मीटर होतं आणि दारातून वळवताना शेपूट आपटतं. १/२४ ला ६४ सेंटीमीटर, छान दिसतं पण कॉकपिटच्या आत हात घालायला जागा उरत नाही. १/३२ हवं असेल तर स्पेशल हॉबीचं किट आलेलं आहे, मग स्क्रॅचच्या भानगडीत कशाला पडायचं.

रेफरन्सबद्दल. नासाचे जुने फोटो आणि टेक्निकल रिपोर्ट्स मोठ्या प्रमाणात खुले आहेत, थ्री-व्ह्यू ड्रॉइंगही मिळतात, पण ड्रॉइंगला फक्त मापांचा सांगाडा समजा. पॅनेलं, झाकणं, उपकरणं फोटोवरूनच घ्यायची. फोटो निवडताना लांबून टेलिफोटोने काढलेले घ्या, जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि शेपूट बारीक होतं, त्यावरून मोजमाप केलंत की गेलात. म्युझियमचे फोटोही जपून. पहिलं विमान वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या एअर अँड स्पेस म्युझियममध्ये आहे, ए-२ डेटनला, ओहायोत, अमेरिकन एअर फोर्सच्या म्युझियममध्ये. तिसरं नाही, १५ नोव्हेंबर १९६७ ला ते कोसळलं आणि पायलट मायकेल अॅडम्स त्याच्यासोबतच गेले. म्युझियममधलं विमान हे शेवटच्या अवस्थेतलं आणि त्यानंतर रंगवलेलं असतं, ए-२ आज काळं आहे, पांढरं नाही, त्यामुळे रंगासाठी त्याच्यावर विसंबू नका. पण स्कीडची, म्हणजे मागे चाकांऐवजी असलेल्या घसरपट्ट्यांची, जोडणी, नॉझलच्या आतली बाजू, पॅनेलच्या कडा ह्यासाठी त्याच्याइतकं चांगलं काही नाही. आपल्याकडे प्रत्येकाच्या ओळखीत कुणी ना कुणी तिकडे असतंच, एखादा भाचा किंवा मित्र डेटनच्या आसपास असेल तर त्याला फोनवर नीट यादी द्या: पट्टी शेजारी धरता येणार नाही, पण एकाच जागेवरून सरळ समोरून, सरळ बाजूने, सरळ मागून असे फोटो काढ म्हणावं. "छान अँगल" नको, कंटाळवाणे फोटोच कामाचे.

बॉडी. इथे ह्या विमानाची रचना आपल्या मदतीला येते. मधला मोठा भाग म्हणजे इंधनाच्या टाक्याच आहेत, विमानाची कातडी हीच टाकीची भिंत, पुढे द्रव ऑक्सिजन, मागे अमोनिया, म्हणून तो सरळ नळकांड्यासारखा आहे, व्यास सुमारे ५६ इंच. टाकीतून वायरी-नळ्या नेता येत नाहीत म्हणून त्या बाहेरून दोन्ही बाजूंच्या लांब फुगीर टनेलमधून नेल्यात, आणि त्याच्यामुळेच समोरून बघितल्यावर त्याला तो रुंद खांद्यांचा आकार येतो. म्हणजे तुम्हाला करायचंय काय, तर आधी एक शुद्ध गोल नळी, मग तिला बाजूचे टनेल चिकटवायचे. ज्या क्रमाने खरं विमान विचारात आलं त्याच क्रमाने.

५६ इंच भागिले १२ म्हणजे ११८.५ मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप बाहेरून ११० मिलिमीटर असतो. बरेच जण तोच बॉडी म्हणून वापरतात, तसं करू नका, एक तर माप कमी पडतं आणि दुसरं म्हणजे तो जड असतो. त्याला साचा म्हणून वापरा. पाइपवर ड्रॉइंग शीट घट्ट गुंडाळत जा, सगळीकडून चारेक मिलिमीटर वाढ हवी, आणि व्यास मोजत बसू नका, घेर मोजा, शिंप्याच्या टेपने, ३७२ मिलिमीटर आला की थांबा, त्यातून ग्लासच्या थराची जाडी आधीच वजा धरा. त्याच्यावर प्लास्टिकचा कागद, त्यावर वॅक्स, मग बारीक विणीच्या फायबरग्लास कापडाचे दोन-तीन थर लॅमिनेटिंग इपॉक्सीने. वाळल्यावर आधी पाइप ओढून काढायचा, मग आतली शीट गुंडाळी सोडवत काढायची, नळी अलगद मोकळी होते. हलकी, गोल आणि कमालीची कडक. आतून दर १२-१५ सेंटीमीटरवर लाइटप्लायचे गोल फॉर्मर, म्हणजे आकार धरून ठेवणाऱ्या चकत्या, लावा, आणि त्यांच्या मधोमध आरपार जाणारी अॅल्युमिनियमची चौकोनी नळी, पुढच्या गिअरपासून मागच्या स्कीडपर्यंत एकसंध.

ही नळी का, ते सांगतो, कारण हे लोकं टाळतात. ह्या विमानाला पुढे नाकाखाली चाकं आणि मागे अगदी शेपटीखाली दोन स्कीड, मधे काहीच आधार नाही. सगळं वजन दोन टोकांवर तोललेलं. खऱ्या विमानातसुद्धा स्कीड आधी टेकायचे आणि मग नाक धाडकन खाली यायचं, आणि ५ नोव्हेंबर १९५९ ला इमर्जन्सी लँडिंगमध्ये क्रॉसफील्डचं विमान कॉकपिटच्या मागेच मोडून वाकलं, कारण टाक्या पूर्ण रिकाम्या झाल्या नव्हत्या, वजन जास्त होतं. मॉडेलचा कमकुवत सांधा बरोब्बर तिथेच येतो, नाकाचा ठोकळा आणि नळी जिथे जुळतात तिथे. सुरुवातीला काही वाटणार नाही, पण वर्षभराने रंगात केसाएवढी चीर दिसायला लागते.

नाकाला सरळ लाकूड घ्या आणि कातारी गाठा. लेथवर काम करणारे, लाटणी-पोळपाट-खेळणी करणारे कातारी अजून बऱ्याच गावांत आहेत, त्यांना पुठ्ठ्याचा अर्धा टेम्प्लेट कापून द्या, तासाभरात असा आकार काढून देतात की थ्रीडी प्रिंटवर आठवडाभर पॉलिश पेपर मारून येणार नाही. लाकूड मऊ आणि सरळ रेषेचं हवं, शिवण चांगली. थ्रीडी प्रिंटला माझा विरोध नाही, सीट, स्टिक, थ्रस्टरची तोंडं ह्या गोष्टी मी प्रिंटच करतो, पण मोठ्या गुळगुळीत वळणाला लेथच.

पंख आणि शेपूट ह्यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, हे सबसॉनिक विमान नाही. पंख फक्त ५ टक्के जाड आहेत, म्हणजे मॉडेलवर जिथे पंखाची रुंदी २० सेंटीमीटर तिथे जाडी जेमतेम १ सेंटीमीटर. फोमचा गाभा नको, वाकतो. मधे २ मिलिमीटर बर्च प्लायचा सपाट गाभा आणि दोन्हीकडून बाल्सा, मग घासून आकार. उभी फिन ही १० अंशाची पाचर आहे, पुढे अरुंद आणि मागे रुंद, मागची कड मॉडेलवर खाली इंचभर तरी जाड भरते. नेहमीच्या सवयीने हात ती कड पातळ करायला जातो, तसं करू नका. मॅक ६ ला शेपटीने विमान सरळ धरून ठेवावं म्हणून ती तशी आहे. पंखाला एलेरॉन, म्हणजे विमान कुशीवर वळवणारी पाती, नाहीत, मागच्या कडेला फक्त फ्लॅप. रोल (कुशीवर वळणं) आणि पिच (नाक वर-खाली) दोन्ही आडव्या शेपटीनेच, ती अख्खी फिरते, १५ अंश खाली झुकलेली. ती दोन्हीकडे किंचित वेगळ्या कोनात ठेवली तर जाणकाराला लगेच आनंद होतो.

खालच्या फिनचं काय ते आधीच ठरवा, कारण ह्यात बरेच जण फसतात. तिचा खालचा तुकडा स्कीडच्याही खाली जातो, म्हणून लँडिंगच्या आधी तो सोडून दिला जायचा, पॅराशूटने खाली. नंतरच्या काळात बरीच उड्डाणं तो तुकडा न लावताच झाली. म्हणजे विमान स्वतःच्या स्कीडवर उभं असेल तर खालची फिन नसणारच. फिन हवी असेल तर विमान ट्रॉलीवर ठेवा, नाहीतर बी-५२ च्या, म्हणजे एक्स-१५ ला उंचावर नेऊन सोडणाऱ्या बॉम्बरच्या, पंखाखाली लटकवा. अख्खं बी-५२ १/१२ ला करायला जाऊ नका, ते जवळपास १३ फूट लांब होतं, पण उजव्या पंखाखालचा नुसता पायलॉन (लटकवायचा खांब) आणि वर पंखाचा एक तुकडा, त्यात एक्स-१५ च्या फिनसाठी कापलेली खाच, एवढं केलंत तरी बघणाऱ्याला सगळी गोष्ट कळते. आणि लटकवलंत तर एक फार सुंदर डिटेल करायला मिळतं: पुढच्या टाकीत उणे १८३ अंशाचा द्रव ऑक्सिजन, त्यामुळे त्या भागावर बर्फाचा पांढरा पट्टा धरायचा. तो जिथे सुरू होतो आणि जिथे थांबतो त्यावरून आत टाकी कुठे आहे ते बाहेरून वाचता येतं. मायक्रोबलून (काचेच्या पोकळ कणांची पावडर) आणि मॅट क्लिअर मिसळून स्पंजने हलक्या हाताने टिपला की झालं, कडा विरलेल्या ठेवा.

आता कातडी, माझा आवडीचा भाग. प्रायमर मारून नुसते रंगाने पॅनेल दाखवण्यापेक्षा खरा पत्रा लावा. ऑफसेट प्रेसमधल्या वापरलेल्या अॅल्युमिनियम प्लेटा रद्दीच्या भावात मिळतात, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडी, कात्रीने कापतात. शाई थिनरने पुसा. वळणावर बसवायच्या असतील तर आधी नरम करून घ्या: पत्र्यावर साध्या साबणाची वडी घासायची, खालून गॅसची ज्योत फिरवायची, साबण तपकिरी-काळा पडला की थांबायचं आणि आपोआप गार होऊ द्यायचं. त्यानंतर पत्रा बोटाने दाबला तरी वळतो. चिकटवायला कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह, दोन्ही बाजूंना पातळ, सुकल्यासारखं वाटलं की एकाच प्रयत्नात बसवायचा, कारण तो परत उचलता येत नाही.

खरं विमान इन्कोनेल-एक्स ह्या निकेलच्या मिश्रधातूचं, त्याचा बराच भाग वेल्ड केलेला, त्यामुळे अख्ख्या अंगावर रिव्हेटच्या रांगा मारू नका. जिथे आहेत तिथेच. त्या उमटवायला २५ गेजची इंजेक्शनची सुई घ्या, टोक घासून सपाट करा, तिचा बाहेरचा व्यास अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या मापात ६ मिलिमीटर, पत्र्यावर हलकं दाबून फिरवलं की इवलंसं वर्तुळ उमटतं. पॅनेलच्या फटी पाव मिलिमीटरच्या वर नको. आणि पत्रा आरशासारखा सपाट करण्याचा अट्टहास नको, हे विमान तापायचं, फुगायचं, बाजूच्या टनेलची पॅनेलं उष्णतेने खरोखर सुरकुतली होती. ९ नोव्हेंबर १९६१ ला रॉबर्ट व्हाइट मॅक ६ च्या पुढे गेले तेव्हा उजव्या काचेचा बाहेरचा थर तडकला होता. टनेलच्या पत्र्याला बोटाने दिलेली हलकी लाट हे ह्या विमानाचं वयच आहे.

रंगासाठी "काळा" हा शब्द डोक्यातून काढा. फोटोत ते कधी निळसर काळं, कधी तपकिरी, कधी चक्क करडं दिसतं आणि एकाच विमानावर शेजारशेजारची दोन पॅनेलं वेगळी दिसतात. आधी ग्लॉस काळ्याचा पाया, वाळू द्या पूर्ण, मग कारच्या पेंट दुकानात गनमेटल मिसळून घ्या आणि एअरब्रशने अतिशय पातळ, ढगाळ, प्रत्येक पॅनेलला थोडा वेगळा हात, मग पारदर्शक निळा आणि पारदर्शक तपकिरी, हे इतकं पातळ की फवारताना काही होतंय असं वाटू नये. पंखांच्या पुढच्या कडा, नाक, फिनची पुढची कड, इथे ताप जास्त म्हणून तिथे तपकिरी झाक जास्त. शेवटी सेमी-ग्लॉस. पूर्ण मॅट केलंत तर पत्रा लावल्याचा उपयोगच संपतो. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळायचे, रंग वापरणार असाल तर साधा कापडी मास्क चालत नाही, त्यात आयसोसायनेट असतात, योग्य कार्ट्रिजचा रेस्पिरेटर लावा आणि घरात लहान मुलं असतील तर घरात फवारूच नका. फायबरग्लास घासतानाही तेच, पाणी लावून घासा, धूळ उडूच देऊ नका.

पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडे जून ते सप्टेंबर, इपॉक्सीवर चिकट थर येतो आणि लॅकर पांढरं पडतं, कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जास्तच. त्या काळात कॉकपिट, गिअर, इंजिन अशी टेबलावरची छोटी कामं काढा, लॅमिनेशन आणि रंग दिवाळीनंतर.

इंजिन: एक्सएलआर-९९ चं नॉझल बाहेरून सोपं आहे, आत बघा, भिंत बारीक नळ्या शेजारी शेजारी लावून केलेली आहे कारण त्यातून अमोनिया फिरवून चेंबर गार ठेवायचे. आतल्या उभ्या रेषा दाखवल्या तर नॉझल जिवंत होतं. बारीक तांब्याची तार शेजारी शेजारी चिकटवून मी ते करतो, वेळ लागतो पण दुसरं काहीही तसं दिसत नाही. एक्सएलआर-११ वाली आवृत्ती केलीत तर आठही चेंबर वेगळे करून जिग लावून बसवा, एक जरी वाकडा असला तर मागून लगेच कळतं.

कॉकपिटमध्ये मोठं मॉडेल असल्याचा सगळ्यात जास्त फायदा घेता येतो, कारण झाकण मागच्या बिजागरीवर अख्खं वर उघडतं आणि सगळं दिसतं. इथे तीन स्टिक आहेत आणि त्या तिन्ही दिसल्याच पाहिजेत. मधली नेहमीची. उजव्या हाताशी छोटी, वेग प्रचंड वाढताना शरीर दाबलं जाऊन हात उचलता येत नाही तेव्हा मनगटाने शेपूट फिरवायला. आणि डाव्या हाताशी तिसरी, हवा संपल्यावर वापरायची, कारण १०० किलोमीटरवर शेपूट कितीही हलवा काही होत नाही, तिथे हायड्रोजन पेरॉक्साइडचे छोटे थ्रस्टर विमान वळवतात. नाकावर आठ, पंखांत चार. २२ ऑगस्ट १९६३ ला जो वॉकर तिसऱ्या विमानातून ३,५४,२०० फुटांवर गेले, १०८ किलोमीटरला जेमतेम कमी, तेव्हा वर विमान वळवायला हेच थ्रस्टर होते. विमान आणि अंतराळयान ह्यांच्यामधली सीमा ह्या एका कॉकपिटमध्ये हातभर अंतरात आहे, म्हणून मी म्हणतो इथे घाई करू नका. सीटलाही घडीचे फिन आणि बूम आहेत, इजेक्ट झाल्यावर सीट गरगरू नये म्हणून. पायलट बसवायचा असेल तर चंदेरी प्रेशर सूट, त्याच्या सुरकुत्या इपॉक्सी पुट्टीने.

मार्किंगला घरच्या प्रिंटरवर डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं) करायचा विचार असेल तर अडचण अशी की साधा प्रिंटर पांढरा रंग छापतच नाही, आणि ह्या काळ्या विमानावर "यू.एस. एअर फोर्स"पासून बारीक सूचनांपर्यंत बरंच काही पांढरं आहे. मोठ्या अक्षरांसाठी नंबरप्लेट-स्टिकर करणाऱ्यांकडून व्हिनाइलचे मास्क कापून घ्या आणि पांढरा फवारा, फिनवरचा नासाचा पिवळा पट्टाही मास्कनेच. बारीक सूचनांसाठी पांढरा टोनर असलेला प्रिंटर ज्याच्याकडे आहे अशा छपाईवाल्याला शोधा, मोठ्या शहरात सापडतो.

कुणी विचारेल की एक्स-१५ च का, सोपं काही नाही का. आहे, बेल एक्स-१. १४ ऑक्टोबर १९४७ ला चक येगर ज्यातून ध्वनीच्या पुढे गेले ते. ९.४ मीटर लांब, म्हणजे १/८ ला ११८ सेंटीमीटर, बॉडी बंदुकीच्या गोळीच्या आकारावरून घेतलेली, म्हणजे लेथवर छान निघते, पंख सरळ, कॅनोपीचा (कॉकपिटच्या काचेचा) उंचवटा नाही, रंग केशरी, पत्र्याची नाटकं कमी. आणि आपल्याकडचं काही करायचं असेल तर इस्रोचं आरएलव्ही, म्हणजे परत वापरता येणाऱ्या यानाची चाचणी आवृत्ती, ६.५ मीटर लांब, २ एप्रिल २०२३ ला चित्रदुर्गजवळ हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटरवरून सोडलं आणि ते स्वतःहून धावपट्टीवर उतरलं. उंचावरून सोडायचं आणि परत उतरवायचं, पद्धत एक्स-१५ च्याच कुळातली. त्याचं मोठं मॉडेल कुणी मनापासून करायला घेतलं तर मला फार आनंद होईल.

राहिली पेटी. ती मॉडेलसोबतच करा, नंतर नाही. १२ मिलिमीटर प्लाय, आतून दीडशे सेंटीमीटर लांब, पंख काढता येतील असे बनवले असतील तर रुंदी निम्मी होते, पंखाच्या मुळाशी दोन पितळी नळ्या आणि चुंबक पुरतात. मॉडेल पेटीत स्कीडवर उभं ठेवू नका, त्या अॅल्युमिनियमच्या नळीच्या खाली बॉडीला दोन ठिकाणी फोमचे अर्धगोल आधार द्या, एक नाकाच्या सांध्याच्या किंचित मागे आणि एक पंखांच्या मागच्या कडेखाली, आणि वरून पट्टा बाजूच्या टनेलवर न येता त्यांच्या मधून जाईल असा बांधा.